दोघांचा पावा

बासरी तुम्ही पाहिली असेल. ती एकटा माणूस वाजवतो. पण ज्याचे सूर दोघांत वाटलेले असतात, असे वाद्य तुम्ही पाहिले आहे का?

दक्षिण अमेरिकेत अँडीज नावाची उंच पर्वतरांग आहे. तेथे पेरू आणि बोलिव्हिया या देशांच्या सीमेवर टिटिकाका सरोवर आहे. ते समुद्रसपाटीपासून सुमारे ३,८०० मीटर उंचीवर आहे. हवा विरळ आणि थंडी कडक. सरोवराच्या काठी आयमारा आणि केचुआ लोक राहतात. ते बटाटे पिकवतात, मेंढ्या आणि लामा पाळतात. त्यांचे आवडते वाद्य म्हणजे ‘सिकू’.

बोरूसारख्या पोकळ नळ्या कापून ओळीने बांधल्या की सिकू तयार होतो. नळी खालून बंद असते. रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकर घातली की आवाज येतो ना? तसाच हा आवाज. लांब नळीचा सूर खालचा, आखूड नळीचा वरचा.

खरी गंमत पुढेच आहे. सिकूचे दोन भाग असतात. एकाचे नाव ‘इरा’, म्हणजे पुढे चालणारा. दुसरा ‘आर्का’, म्हणजे मागून येणारा. समजा, ‘सा’ इराजवळ असेल, तर ‘रे’ आर्काजवळ आणि ‘ग’ पुन्हा इराजवळ. एकाने फुंकले की दुसरा दम घेतो. जोडीदार आला नाही, तर धून पुरी होतच नाही!

सणाच्या दिवशी गावातले पुरुष गोल उभे राहून सिकू वाजवतात. मोठे ढोल घुमतात, बायका नाचतात. थॉमस टुरिनो या अभ्यासकाने १९८० च्या दशकात पेरूतील कोनिमा भागात हे संगीत जवळून पाहिले. तेथे कच्च्या वादकालाही कोणी बाहेर काढत नसे. चूक झाली तरी चारचौघांत बोलत नसत. धून बसवण्याचे कामही मिळून चाले. म्हणून ती एकाची नसे, साऱ्या गावाची असे.

पुढे कामासाठी बरेच लोक राजधानी लिमा येथे गेले. शहरातले लोक डोंगराकडच्या माणसांना हसत. त्यामुळे काहींनी आपले संगीत लपवले. पण हळूहळू गावकऱ्यांनी मंडळे काढली आणि लिमातही सिकूचे सूर उघडपणे घुमू लागले. जोडीदार मात्र तेथेही लागतोच.

स्वाध्याय
१. इरा आणि आर्का यांत सूर कसे वाटलेले असतात?
२. कोनिमात कच्च्या वादकाला कसे वागवत?