ईसानमधील ‘फरांग’ आणि पर्यटनाचा प्रश्न

थायलंडच्या ईशान्येस कोरात पठारावर वसलेल्या ईसान प्रदेशात २० प्रांत असून देशाचे सुमारे एक-तृतीयांश क्षेत्र त्याने व्यापले आहे. जमीन बहुतांशी रेताड, भातशेती पावसावर अवलंबून.

व्हिएतनाम युद्धाच्या काळात उदोन थानी व कोरात येथे अमेरिकी हवाई तळ होते. तेव्हापासून गोरा माणूस येथे अपरिचित राहिलेला नाही. त्याला ‘फरांग’ म्हणतात. आपला ‘फिरंगी’ शब्द त्याच कुळातला. आज अनेक निवृत्त पाश्चात्त्य पत्नीच्या गावी घर बांधून राहतात. वयाच्या ५० वर्षांनंतर मिळणाऱ्या निवृत्ती-परवान्यासाठी सर्वसाधारणपणे बँकेत ८ लाख बातची ठेव किंवा दरमहा ६५,००० बात उत्पन्न दाखवावे लागते. दर ९० दिवसांनी पत्ता कळवावा लागतो. जमीन मात्र त्याच्या नावावर होत नाही. घर त्याच्या पैशाचे, भूमी पत्नीची!

२०१९ मध्ये थायलंडला सुमारे ४ कोटी परदेशी पर्यटक आले. फिमाय व फनोम रुंगची ख्मेर मंदिरे, १९९२ पासून जागतिक वारसा असलेले बान चियांग हे सर्व असूनही ईसानकडे त्यांतील थोडेच वळले. पुष्कळ फरांगांना हेच रुचते. पट्टायासारखी गत आपल्या गावाची होऊ नये, ही त्यांची भीती निराधार म्हणता येणार नाही. परंतु निवृत्तिवेतन घरबसल्या मिळणाऱ्याने शांततेचा आग्रह धरणे सोपे असते. शेजारच्या शेतकऱ्याची मुले त्याच पट्टायात वा बँकॉकमध्ये हॉटेलांत राबतात, टॅक्सी चालवितात आणि त्यांची लेकरे गावी आजी-आजोबांपाशी वाढतात.