सिलिकॉन अधिक सिलिकॉन बरोबर... चिकट गोळा?

'सिलिकॉन' म्हटलं की इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांना चिप आठवते आणि बाकीच्यांना बाथरूमच्या फटीत भरायची ट्यूब. मराठीत दोन्ही शब्द लिहायचे सारखेच. पण चिपमधलं सिलिकॉन हे मूलद्रव्य, तर साच्याचं सिलिकॉन म्हणजे सिलिकॉन-ऑक्सिजनच्या लांब साखळ्यांचं रबर. एवढं मला ठाऊक होतं. या रबरातही एकमेकांशी न पटणाऱ्या जाती असतात, हे मात्र एका रात्रीत कळलं.

आमच्या रोबोला पॉलियुरेथेनचे चार टायर हवे होते. वर्कशॉपच्या मामांनी लेथवर लाकडी नमुना काढून दिला. त्यावरच्या खाचा ग्रुपमधल्या मैत्रिणीने आठवडाभर कानशीने घासून केल्या. त्यावर सिलिकॉन ओतून साचा बनवला. तिसरा टायर काढताना एका खाचेची कड फाटली, कारण रबर कडक आणि खाच खोल. शेजारच्या ग्रुपकडे मऊ सिलिकॉन उरलं होतं. म्हटलं, शेवटी सिलिकॉन ते सिलिकॉनच! कोणाला न विचारता नमुना साच्यात बसवला, फाटलेल्या जागी ते मऊ सिलिकॉन ओतलं आणि निवांत झोपलो.

सकाळी पाहतो तर वरून घट्ट, पण जुन्या साच्याला टेकलेला थर काकवीसारखा चिकट! नमुनाही बरबटलेला. मैत्रीण एक शब्द बोलली नाही, तेच जास्त लागलं. स्पर्धेला उरले होते चार दिवस.

झालं काय होतं? दोन भाग मिसळून घट्ट होणारी साच्याची सिलिकॉन्स मुख्यतः दोन प्रकारची असतात.

पहिला प्रकार टिनचा. यात टिनच्या संयुगामुळे साखळ्या जोडल्या जातात आणि जोडताना थोडं अल्कोहोल बाहेर पडतं. ते उडून गेलं की साचा किंचित आकसतो. स्वस्त आणि फारसे नखरे नसलेला प्रकार. आमचा साचा याचाच होता.

दुसरा प्लॅटिनमचा. यात काहीच बाहेर पडत नाही, त्यामुळे आकसणं नगण्य. पण हा भलताच नाजूक! टिन, गंधक किंवा अमाइन यांच्या संपर्कात आला की प्लॅटिनम निकामी होतं आणि रबर घट्टच होत नाही. म्हणून लॅटेक्सचे हातमोजे आणि गंधक असलेली मॉडेलिंग क्ले यापासून तो दूर ठेवावा लागतो. शेजाऱ्यांचं सिलिकॉन नेमकं हे होतं. माझ्या टिनच्या साच्याने त्याला विष घातलं म्हणा ना!

मग सिलिकॉन्स एकत्र करायचीच नाहीत का? करायची, पण नियम पाळून:

१) एकाच कंपनीच्या, एकाच मालिकेतल्या दोन प्लॅटिनम सिलिकॉन्सचं मिश्रण चालतं. शोअर ए १० आणि शोअर ए ३० सारख्या प्रमाणात घेतली, तर कडकपणा साधारण २० च्या आसपास येतो. मात्र प्रत्येकाचे ए आणि बी भाग आधी आपापले मिसळायचे, मग दोन्ही एकत्र.

२) मऊपणाच हवा असेल तर सिलिकॉन ऑइल घाला, वजनाच्या ५ टक्क्यांपासून सुरुवात करून. जास्त घातलं तर रबर लवकर फाटतं आणि तेल बाहेर पाझरतं.

३) ट्यूबमधला, व्हिनेगरचा वास येणारा सीलंट दोन भागांच्या सिलिकॉनमध्ये ढवळू नका. तो हवेतल्या ओलाव्यावर बाहेरून आत घट्ट होतो, म्हणून जाड थर आतून कच्चा राहतो. त्याचाच स्वस्त साचा करायचा तर कॉर्नफ्लोअर मिसळून मळतात. पिठातला ओलावा आतपर्यंत पोचतो. खिडक्या मात्र उघड्या ठेवा.

४) ताजं सिलिकॉन स्वच्छ, घट्ट झालेल्या सिलिकॉनला पक्कं चिकटतं. दुरुस्तीत हे वरदान, पण दोन तुकड्यांच्या साच्यात शाप! तिथे मध्ये व्हॅसलीनचा पातळ हात हवाच.

५) डब्यावरचं प्रमाण पाहून प्रकार ओळखायला जाऊ नका. १:१ बहुधा प्लॅटिनम असतं, पण १०:१ दोन्हींत सापडतं. लेबल वाचा.

आमच्याकडे मूळ टिनचं सिलिकॉन जेमतेम पाव किलो उरलं होतं. नवा साचा त्यात होणार नव्हता. चिकट भाग ब्लेडने कापला, साचा आणि नमुना स्पिरिटने पुसला. या वेळी आधी कागदी कपात १० ग्रॅमची चाचणी घेतली: तेच सिलिकॉन, ५ टक्के ऑइल, खाली जुन्या साच्याचा तुकडा. दुसऱ्या दिवशी ते घट्ट झालं आणि ओढूनही सुटलं नाही. मग मैत्रिणीला विचारून (हो, विचारून!) खरं ओतलं. चौथा टायर स्पर्धेच्या आदल्या संध्याकाळी निघाला. त्याच्यावर जोडाची एक बारीक रेघ आहे. रोबो काही जिंकला नाही, पण टायर टिकले.

मामांना सगळं सांगितलं, तेव्हा ते एवढंच म्हणाले, "अरे, वेल्डिंगच्या आधी रॉड कुठला ते बघतोस ना? मग इथं का नाही बघितलं?"

तेव्हा मित्रांनो, नाव एक म्हणून गुण एक समजू नका. १० ग्रॅमची चाचणी नेहमीच एका रात्रीपेक्षा स्वस्त पडते.

— तृतीय वर्ष, यंत्र अभियांत्रिकी