यंत्रमागाची मोटर आणि कार्बनचा हिशेब

कार्बन उत्सर्जनाचा विषय निघाला की आपले बांधव म्हणतात, "ते सिमेंट-पोलादवाल्यांनी पाहावे. आपण चोवीस मागांचे धनी, आपला काय संबंध?" संबंध आहे. माग विजेवर चालतो आणि आपल्या देशातील बहुतेक वीज कोळसा जाळून तयार होते. एका युनिटमागे सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. म्हणजे विजेचे बिल हीच आपली कार्बनची खातेवही होय.

सरकारी धोरण

ऊर्जा संवर्धन कायदा २००१ साली झाला. त्याखाली २०१२ पासून मोठ्या कारखान्यांना ऊर्जाबचतीचे लक्ष्य देण्यात आले. पहिल्या आठ उद्योगांत कापड उद्योगही होता. लक्ष्यापेक्षा जास्त बचत करणाऱ्याने प्रमाणपत्र विकावे, कमी पडणाऱ्याने ते विकत घ्यावे, अशी ती व्यवस्था. जून २०२३ मध्ये केंद्राने कार्बन क्रेडिट व्यापार योजना जाहीर केली. तिच्यात थेट उत्सर्जनाचा हिशेब धरला जातो.

पण २०१२ च्या योजनेत कापड गिरणीसाठी मर्यादा वर्षाला ३,००० टन तेलाइतक्या ऊर्जेची होती. भिवंडी-मालेगावचा छोटा यंत्रमागवाला तिच्यात बसला नाही. त्याच्यावर बंधन नव्हते, तसा प्रमाणपत्राचा नफाही नव्हता. त्याचा नफा बिलातच शोधावा लागतो.

मोटरीचा हिशेब

एक अश्वशक्तीची, चार पोलची मोटर घ्या. आय.ई. १ दर्जाची कार्यक्षमता सुमारे ७२ टक्के, आय.ई. ३ ची सुमारे ८२ टक्के. पूर्ण भारावर दहा तास चालल्यास रोज सुमारे १.३ युनिटचा फरक पडतो. वर्षाचे ३०० दिवस धरले तर ३९० युनिट. चोवीस मागांचे ९,३६० युनिट आणि साडेसहा टन कार्बन डायऑक्साइड. भार कमी असेल तर बचतही कमी होईल. आता ही युनिटे आपल्या बिलातील दराने गुणून पाहा.

आम्ही स्वतः वर्षानुवर्षे जळालेली मोटर पुन्हा पुन्हा वाइंडिंग करून वापरली. नव्या मोटरीचे पैसे वाचले, असे वाटत असे. निकृष्ट वाइंडिंगने मोटर जास्त वीज खाते, हे फार उशिरा कळले. ती काटकसर नव्हती, फुजूलखर्ची होती.

काय करावे?

१) मोटर घेताना पाटीवर आय.ई. ३ लिहिले आहे का, ते पाहावे.
२) जास्त तास चालणाऱ्या मागापासून बदलास सुरुवात करावी.
३) मोटर बदलण्याआधीची आणि नंतरची बिले जपून ठेवावीत.
४) दहा-वीस जणांनी मिळून खरेदी करावी. २०१४ च्या सुरुवातीला सरकारला ३१० रुपयांना पडणारा एल.ई.डी. दिवा घाऊक खरेदीमुळे दोन-तीन वर्षांत ४० रुपयांखाली आला.

घाऊक खरेदीचा फायदा व्यापाऱ्याला कोणी शिकवायला नको. तोच कायदा मोटरीलाही लागू पडतो.