सरकीचे तेल आणि हेक्झेनला पर्याय

वर्धा जिल्ह्यात सरकी आणि सोयाबीनचा व्यापार करणाऱ्या आपल्या वाचकांसाठी आज तेल काढण्याच्या द्रावकाविषयी थोडी माहिती देत आहोत.

वर्ध्याला तेलघाणीचा वारसा आहे. 1934 साली स्थापन झालेल्या अखिल भारत ग्रामोद्योग संघाचे काम मगनवाडीतून चाले. तेथे झवेरभाई पटेल यांनी बैलघाण्यात सुधारणा केल्या आणि तो ‘वर्धा घाणी’ या नावाने ओळखला जाऊ लागला. तीळ, भुईमूग, जवस यांना घाणा आजही उत्तम. सोयाबीनमध्ये मात्र तेल जेमतेम 18 ते 20 टक्के असते. एक्सपेलरने पिळले तरी पेंडीत 6 ते 8 टक्के तेल राहून जाते. सॉल्व्हंट प्लँटमध्ये हेच प्रमाण 1 टक्क्याच्या आसपास येते. नफा या फरकात आहे.

तेथे वापरतात ते हेक्झेन पेट्रोलियमपासून मिळते. ते सुमारे 69 अंश सेल्सियसला उकळते, म्हणून थोड्या वाफेत तेलापासून वेगळे होते आणि पुन्हा वापरता येते. परंतु त्याची वाफ हवेपेक्षा जड असते. ती जमिनीलगत साचते आणि एका ठिणगीने पेट घेते. दीर्घकाळ श्वासात गेल्यास हातापायांच्या नसा निकामी होऊन बधिरता येते. किंमत मजूर मोजतो.

आता पर्याय पाहू. पहिला इथेनॉल. हे उसाच्या मळीपासून बनते. गरम असताना ते तेल विरघळवते आणि थंड झाल्यावर तेल बरेचसे वेगळे होते. पण त्याची वाफ करण्यास हेक्झेनच्या सुमारे अडीचपट उष्णता लागते. शिवाय तो मद्यार्क असल्याने हलालचा प्रश्न निघेल. निर्यातदारांनी प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेला आधीच विचारावे.

दुसरा 2-मिथिलऑक्सोलेन. उसाचे चिपाड, मक्याची कणसे अशा काडीकचऱ्यातून फरफ्युरल काढून हे बनवतात. युरोपीय संघाने 2023 साली खाद्यपदार्थांसाठी त्यास मान्यता दिली. फरफ्युरल देणारा घटक पऱ्हाटीतही असतो, जी आपण शेतात जाळतो. मात्र हे द्रावकही ज्वालाग्राही आहे. तेव्हा दक्षता सुटत नाही.

तिसरा कार्बन डायऑक्साइड. 31 अंशांवर आणि हवेच्या सुमारे 73 पट दाबाखाली तो द्रावकाचे काम करतो व मागे काही उरत नाही. पण यंत्र महाग असल्याने तो मसाले, सुगंधी अर्क अशा महागड्या मालालाच परवडतो.

तात्पर्य, जुन्या प्लँटमध्ये केवळ द्रावक बदलून भागत नाही, बॉयलर आणि कंडेन्सरही बदलावे लागतात. लहान उद्योजकाने घाण्याचे तेल शुद्ध म्हणून विकावे. प्लँटमध्ये भांडवल घालणाऱ्याने मात्र द्रावकाची गळती किती, वाफ मोजणारे यंत्र आहे का आणि मजुरांची तपासणी होते का, हे तीन प्रश्न आधी विचारावेत.