पोलादातील मळ आणि बेअरिंगचे आयुष्य



ऐन उन्हाळ्यात उसाला पाण्याचा ताण बसलेला असतो, विजेचे तास मोजके असतात आणि नेमकी तेव्हाच विहिरीवरची मोटार घरघरू लागते. फिटर येतो, कान लावतो आणि म्हणतो, "बेरिंग गेलं." तळेगाव ढमढेरे परिसरात हा अनुभव न घेतलेला बागायतदार विरळाच. दोन बेअरिंग मापाने सारखे, दिसायलाही सारखे. पण एक वर्षानुवर्षे चालते आणि दुसरे एक हंगामही काढत नाही. असे का? त्याचे एक कारण पोलादाच्या पोटात असते. ते आज आपण समजून घेऊ.

बेअरिंगच्या पोलादात सुमारे १ टक्का कार्बन व दीड टक्का क्रोमियम असते. छर्रा कडीवर टेकतो ती जागा तांदळाच्या कणीपेक्षाही लहान. सगळा भार तिच्यावर येतो. मोनोब्लॉक पंप मिनिटाला २८८० च्या आसपास फेरे घेतो, म्हणजे तासाला पावणेदोन लाखांच्या जवळ. या दाबाचा खरा ताण कडीच्या पृष्ठभागावर नव्हे, तर त्याच्या किंचित खाली पडतो. तिथे मळाचा कठीण कण अडकलेला असेल, तर पोलाद दबते पण कण दबत नाही. कणाच्या कडेला बारीक चीर पडते, ती वर येते आणि एक दिवस खपली निघते. यालाच पोलादाचा थकवा म्हणतात.

हा मळ येतो कोठून? वितळलेल्या पोलादात प्राणवायू विरघळलेला असतो. तो काढण्यासाठी ॲल्युमिनियम घालतात. दोहोंपासून ॲल्युमिना तयार होते. तिचा बराच भाग तरंगून वरच्या मळीत जातो, उरलेला आत राहतो. गंधक मँगनीजशी मिळून मऊ धागे बनवते. ते तुलनेने कमी घातक. कणांच्या संख्येइतकाच त्यांचा आकारही महत्त्वाचा आहे. शंभर बारीक कणांपेक्षा एक मोठा कण वाईट.

आपल्या कारखान्यात रस निवळायला चुना लागतो. पोलाद निवळायलाही चुनाच लागतो. आपण व्हॅक्यूम पॅनमध्ये पाक शिजवतो. तेही पोलाद निर्वातात ठेवून त्यातील वायू ओढून घेतात. पूर्वी पोलादात दहा लाख भागांत ३० च्या आसपास प्राणवायू राहत असे. आज चांगल्या बेअरिंगच्या पोलादात तो १० च्या खाली असतो. त्यामुळे बेअरिंगचे आयुष्य कित्येक पटींनी वाढले.

तरीही प्रत्येक बेअरिंग सारखेच टिकेल असे नाही. स्वीडनचे इंजिनिअर अर्विड पामग्रेन यांनी १९२४ साली आयुष्य मोजण्याची रीत मांडली. १०० पैकी ९० बेअरिंग जितके फेरे पार करतात, ते त्याचे आयुष्य. छर्ऱ्यांच्या बेअरिंगवर भार दुप्पट केला, तर आयुष्य आठव्या हिश्श्यावर येते. पट्टा फाजील ताणणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.

पोलादातला मळ आपल्या हाती नाही. बाहेरचा मळ मात्र आहे. वाळूचा कण आत गेला की कडीवर खड्डा पडतो आणि चिरेची सुरुवात तिथूनच होते. म्हणून काढलेले बेअरिंग भंगारात टाकण्यापूर्वी पाहावे :

१) एकाच ठिकाणी खपली, बाकी कडी चकचकीत – थकवा, भार जास्त किंवा पोलाद हलके.
२) सगळीकडे बारीक खड्डे – धूळ, वाळू.
३) तांबूस डाग – पाणी शिरले.
४) निळसर-काळा रंग – ग्रीस संपून तापले.

नवे बेअरिंग बंद खोक्यातले, पावतीसह घ्यावे. दांड्यावर बसवताना आतल्या कडीवर नळी ठेवून ठोकावे. बाहेरच्या कडीवर हातोडा मारू नये. ग्रीसचा डबा झाकलेला असावा.

स्वस्त बेअरिंगमध्ये वाचलेले पैसे पाण्याची एक पाळी चुकली की उसाच्या वजनातून जातात. हिशेब तिथे मांडावा, दुकानाच्या गल्ल्यावर नव्हे.