पेपरवर पहिलं नाव कुणाचं?

पीएच.डी. करणाऱ्या मुलामुलींसाठी नेतृत्वविकासाच्या कार्यशाळा आता ठिकठिकाणी होतात. संवादकौशल्य, वेळेचं नियोजन, देहबोली, शेवटी प्रमाणपत्र. त्या होऊ देत. पण संशोधनगटात नेतृत्वाचा कस लागतो तो वेगळ्याच प्रश्नावर: या कामाचा पेपर झाला, तर पहिलं नाव कुणाचं? तो वेळेवर न विचारल्याची किंमत मी जवळून पाहिली आहे, म्हणून हे लिहिते.

मी रसायनशास्त्रात पीएच.डी. करत असताना आमच्या लॅबमध्ये एका उत्प्रेरकावर काम चालू होतं. कल्पना एका सीनियरची. सुरुवातीची संयुगं त्यानंच बनवली, मग थीसिस देऊन तो पोस्टडॉकसाठी जर्मनीला गेला. पुढचं सगळं एका ज्युनियर मुलीकडे आलं. रिॲक्शन पुन्हा बसवणं, यील्ड वाढवणं, एनएमआरसाठी रात्री-बेरात्री नंबर लावणं. मसुदा सीनियरनं तिकडे बसून लिहिला. तो तिच्या हाती पडला तेव्हा तिचं नाव तिसरं होतं.

दोघंही आपापल्या जागी प्रामाणिक होते. त्याच्या मते कल्पनेवर पेपर उभा होता, तिच्या मते आकड्यांवर. सरांनी ‘तुमचं तुम्ही ठरवा’ म्हणून हात झटकले. तिनं मूळ डेटा देणं थांबवलं, त्यानं ईमेलला उत्तर देणं. मसुदा तसाच पडून राहिला आणि दरम्यान दुसऱ्या एका गटाचं तसंच काम छापून आलं. आमच्या पेपरमधलं नावीन्य संपलं. तिची फेलोशिप संपत आली होती. लॅबमधल्या बाकीच्यांनी चहाला एकत्र जाणंही सोडलं.

यात अडाणी कुणीच नव्हतं. नियमही जगजाहीर आहेत. वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांची आंतरराष्ट्रीय समिती लेखकत्वासाठी चार अटी घालते: कामात ठोस वाटा, लेखनात किंवा त्याच्या चिकित्सक दुरुस्तीत सहभाग, अंतिम मसुद्याला संमती आणि कामाची जबाबदारी. फक्त निधी मिळवून दिला किंवा वरवर देखरेख केली म्हणून नाव लागत नाही. आणि ज्याचा कामात ठोस वाटा आहे, त्याला मसुदा वाचायची, सुधारायची संधी द्यावीच लागते. ‘क्रेडिट’ या वर्गीकरणात तर कल्पनेपासून डेटा सांभाळण्यापर्यंत योगदानाच्या 14 भूमिका वेगळ्या मांडल्या आहेत. यूजीसीनं 2019 साली पीएच.डी.साठी सक्तीच्या केलेल्या दोन क्रेडिटच्या प्रकाशन-नीतीच्या कोर्समध्येही लेखकत्व आहे. पण परीक्षेत चार अटी लिहिणं सोपं, सीनियरसमोर बोलणं अवघड. (गणितवाल्यांचा हेवा वाटतो, त्यांच्याकडे नावं बहुधा अकारविल्हे लागतात.)

तेव्हा संशोधनाला लागलेल्यांनो, बोलायचं ते पहिल्या प्रयोगाआधी. त्या वेळी गमावण्यासारखं कुणाकडेच काही नसतं, म्हणून स्वर चढत नाही. आपल्याकडे सरांना किंवा मॅडमना असं विचारणं उद्धटपणाचं वाटतं, तर प्रश्न कामाच्या अंगानं विचारा: ‘सर, यात माझ्याकडे नेमका कुठला भाग राहील? पेपर झाला तर नावांचा क्रम साधारण कसा असेल?’ उत्तर मिळालं की त्याच संध्याकाळी सगळ्यांना छोटा ईमेल टाका, ‘आज असं ठरलं, माझं काही चुकत असेल तर सांगा.’ एवढ्या एका ओळीनं पुढचं भांडण टळू शकतं. प्रयोगवहीत तारीख आणि कुणी काय केलं ते रोज लिहा. माणूस गटात आला, गटातून गेला किंवा कामाची दिशा बदलली, की क्रम पुन्हा बोलून घ्या. पहिला शब्द कायमचा नसतो, हे सगळ्यांनी मान्य करायला हवं.

सीनियर असाल तर जबाबदारी जास्त. यूजीसीच्या 2022 च्या नियमांनुसार संशोधक विद्यार्थ्यांना आठवड्याला चार ते सहा तास शिकवण्याचं किंवा संशोधन-साहाय्याचं काम देता येतं. ट्युटोरियल, प्रात्यक्षिकं, तपासणी. बरेच जण ते वेठबिगारी समजून उरकतात. मला मात्र वाटतं, दुसऱ्याचं काम त्याच्याच नावावर मांडायची सवय लागते ती इथंच. ज्युनियरनं केलेला प्रयोग ग्रुप मीटिंगमध्ये त्यालाच सांगू द्या. तो अडखळेल, अडखळू द्या.

वाद आधीच पेटला असेल तर डेटा अडवू नका. त्यानं सगळ्यांचंच काम बुडतं आणि बाजू खरी असली तरी लंगडी पडते. वही घेऊन आधी गाइडकडे जा. तिथं दाद लागली नाही, तर दर सेमिस्टरला संशोधन सल्लागार समितीपुढे प्रगती मांडावी लागतेच, तिथं बोला. नंतर संस्थेची समिती. नियतकालिकाच्या संपादकांकडून निवाड्याची अपेक्षा ठेवू नका. लेखकत्वाचा वाद ते सहसा संस्थेकडेच परत पाठवतात.

आता माझ्या गटात नवं काम सुरू होताना एक पानभर टिपण होतं. कोण काय करणार, मसुदा कोण लिहिणार, कुणी मधेच गेलं तर डेटा कुणाकडे राहणार. माझ्या वाट्याचं कामही त्यात लिहिलेलं असतं, आणि ते सगळ्यात नव्या विद्यार्थ्यानं मोठ्यानं वाचायचं असतं.