दोन अक्षरी ‘अप’

‘द सन इज अप’ म्हणजे सूर्य उगवला. ‘द टाइम इज अप’ म्हणजे वेळ संपली. एक नाम सोडले तर दोन्ही वाक्यांत काडीचाही फरक नाही. पण एकात आरंभ आहे, तर दुसऱ्यात अंत. दुसरे वाक्य परीक्षागृहात आपण इतक्या वेळा ऐकलेले असते की त्यात काही विचारण्यासारखे आहे, असे कोणाच्या मनातही येत नाही. मला मात्र ते विचारण्यासारखे वाटते. इंग्रजीत दोन अक्षरांचा आणि देवनागरीतही दोनच अक्षरांचा हा शब्द. पण मोठ्या कोशात उघडून पाहावा तर त्याचे अर्थ पानेच्या पाने चालतात.

इंग्रजी शिकवताना एक गोष्ट मी वर्षानुवर्षे पाहत आलो आहे. आमच्या विद्यार्थ्यांना ‘टॉलरेट’ येतो, ‘पुट अप विथ’ येत नाही. ‘सरेंडर’ येतो, ‘गिव्ह अप’शी ते अडखळतात. म्हणजे जड शब्द पाठ आणि हलके शब्द परके! इंग्रजी आपल्याकडे कचेरी, न्यायालय आणि क्रमिक पुस्तक यांच्या वाटेने आली, स्वयंपाकघराच्या वाटेने नाही. त्याचाच हा परिणाम आहे. निबंध नीट लिहिणारा विद्यार्थी दोन इंग्रज माणसांचे साधे बोलणे ऐकताना गोंधळतो, याचे मुख्य कारण माझ्या मते उच्चार हे नसून हे ‘अप’, ‘ऑफ’, ‘आउट’ आहेत.

या अडचणीची जाणीव इंग्रजांनाही जुनी आहे. डॉ. सॅम्युएल जॉन्सन यांचा कोश १७५५ साली प्रसिद्ध झाला. त्याच्या प्रस्तावनेत त्यांनी क्रियापदांना असे लहान शब्द जोडण्याच्या पद्धतीविषयी मुद्दाम लिहिले असून, परकीयांना सर्वांत जास्त त्रास याचाच होतो, असे म्हटले आहे. अशा जोडक्रियापदांना ‘फ्रेजल व्हर्ब’ हे नाव छापील स्वरूपात रुळले ते लोगन पिअरसॉल स्मिथ यांच्या १९२५ सालच्या पुस्तकापासून. नाव उशिरा मिळाले, त्रास आधीपासूनचा.

आता मूळ मुद्द्याकडे येऊ. ‘वर’ या अर्थाचा शब्द ‘संपणे’ या अर्थापर्यंत पोचला कसा? घागर नळाखाली धरलेली डोळ्यांसमोर आणावी. पाणी वर वर चढते आणि काठाशी आले की घागर भरली. ‘फिल अप’ या प्रयोगात ‘अप’चा अर्थ अजून अक्षरशः ‘वर’ असाच आहे. पण त्याच वेळी ‘पूर्ण’ असाही आहे. एकदा ‘वर’ म्हणजे ‘काठोकाठ’ झाले की पाण्याची गरज उरत नाही. मग ‘ईट अप’ म्हणजे ताटातले सगळे खाणे, ‘यूज अप’ म्हणजे सगळे वापरणे, ‘टेअर अप’ म्हणजे फाडून चिंध्या करणे. वेळेचे मापही असेच काठाशी येते, आणि पर्यवेक्षक ‘टाइम इज अप’ म्हणतात.

हे मराठीत कसे सांगावे? ‘ईट अप’चे भाषांतर ‘वर खा’ असे कोणी करणार नाही. ‘खाऊन टाक’ असे आपण म्हणू. ‘ड्रिंक अप’ म्हणजे ‘पिऊन टाक’, ‘टेअर इट अप’ म्हणजे ‘फाडून टाक’, आणि ‘द वेल ड्राइड अप’ म्हणजे ‘विहीर आटून गेली’. आता या ‘टाक’मध्ये टाकणे किती आणि ‘गेली’मध्ये जाणे किती? विहीर कुठेच गेलेली नाही. मराठी शिकणाऱ्या इंग्रजाला ‘पत्र लिहून टाक’ असे सांगितले तर, लिहून कुठे टाकू, असे तो विचारील. आणि त्याचे चुकले असे मला तरी म्हणवणार नाही. ‘ईट अप’मधला ‘अप’ आपल्याला जितका निरर्थक वाटतो, तितकाच ‘खाऊन टाक’मधला ‘टाक’ त्याला वाटतो. काम मात्र दोघांचे एकच आहे: क्रिया तडीस गेली, हे सांगणे. आपली भाषा ते काम दुसऱ्या क्रियापदाकडून करून घेते, इंग्रजी एका अव्ययाकडून. मराठीची श्रीमंती याहून पुढेही आहे, हे जाता जाता सांगितले पाहिजे. ‘बोलून टाकले’, ‘बोलून गेला’ आणि ‘बोलून बसला’ यांत मन मोकळे करणे, भान सुटणे आणि पश्चात्ताप असे तीन भाव आहेत. एकट्या ‘अप’ला हे साधत नाही.

संस्कृतच्या विद्यार्थ्यांना तर हा प्रकार नवा वाटू नये. ‘हृ’ हा एकच धातू. पण प्रहार, आहार, संहार, विहार, परिहार यांतला प्रत्येक अर्थ निराळा. उपसर्ग धातूच्या आधी येतो असे सांगून पाणिनीने वेदांत तो नंतरही येतो आणि मध्ये दुसरे शब्दही पडतात, अशी नोंद केली आहे. इंग्रजीतही आधी आणि नंतर अशी दोन्ही स्थाने आहेत. ‘अपहोल्ड’ म्हणजे उचलून धरणे. वरिष्ठ न्यायालय खालच्या न्यायालयाचा निकाल अपहोल्ड करते. ‘होल्ड अप’ म्हणजे खोळंबा करणे किंवा पिस्तूल रोखून लुटणे. ‘अपसेट’ म्हणजे उलथणे आणि ‘सेट अप’ म्हणजे उभारणे!

इथे देवनागरी वाचणाऱ्याने एक सावधगिरी बाळगावी. इंग्रजी ‘अप’ आणि अपमान, अपहरण यांतला आपला ‘अप’ हे दिसायला सारखे, पण नाते नाही. आपल्या ‘अप’चा इंग्रजी भाऊबंद ‘ऑफ’ आहे. इंग्रजी ‘अप’चे नाते आहे ते संस्कृत ‘उप’शी. आणि संस्कृत ‘उपरि’पासून मराठीत ‘वर’ आला, त्याच ‘उपरि’चा इंग्रजी नातलग ‘ओव्हर’ आहे.

‘वर’ कशाला म्हणायचे, हेही सर्वत्र जमिनीवरून ठरत नाही. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंच आहे. तिथून निघून खंडाळ्याचा घाट उतरत मुंबईला येणारी गाडी मध्य रेल्वेच्या हिशेबी ‘अप’, आणि धापा टाकीत घाट चढणारी ‘डाऊन’. ही रीत इंग्लंडमधली. तिथे लंडनकडे जाणारी गाडी ‘अप’. ऑक्सफर्ड-केंब्रिजचे विद्यार्थीही विद्यापीठात ‘गो अप’ करतात, आणि काढून टाकलेला ‘सेंट डाऊन’ होतो. म्हणजे चढ-उतार रस्त्याचा नव्हे, मानाचा. आपणही काही वेगळे नाही. तालुक्याचा अर्ज ‘वर’ जातो आणि हुकूम ‘वरून’ येतो. मधला रस्ता घाट उतरणारा असला तरी! खेड्यातून रोज एस.टी.ने महाविद्यालयात येणारी मुले मात्र ‘मी अपडाऊन करतो’ असे म्हणून या मानापमानातून मोकळी झाली आहेत. त्यांना कोणती फेरी ‘अप’ असे मी कधी विचारले नाही.

व्याकरणाची एक कसोटी इथेच सांगतो, कारण ती खरोखर उपयोगी पडते. ‘ही रॅन अप अ हिल’ म्हणजे तो टेकडी धावत चढला. ‘ही रॅन अप अ बिल’ म्हणजे त्याने उधारी वाढवून ठेवली. पहिल्यात ‘अप’ टेकडीला जोडलेला आहे, म्हणून तो जागचा हलत नाही. दुसऱ्यात तो क्रियापदाचा आहे, म्हणून ‘ही रॅन अ बिल अप’ असेही चालते. या दुसऱ्या प्रकारात कर्म सर्वनाम असेल तर ते मध्येच आले पाहिजे. ‘लुक अप द वर्ड’ बरोबर, ‘लुक इट अप’ही बरोबर, ‘लुक अप इट’ मात्र कोणी इंग्रज म्हणत नाही. उत्तरपत्रिकांत ते हटकून भेटते.

पूर्णतेचा धागा हाती धरला की पुष्कळ कोडी सुटतात. झाड आधी ‘कट डाऊन’ करतात आणि मग ‘कट अप’: पहिल्यात ते खाली पडते, दुसऱ्यात त्याचे तुकडे होतात. घर ‘बर्न डाऊन’ होते तेव्हा ते कोसळते. कागद ‘बर्न अप’ होतो तेव्हा काही उरत नाही. ‘मेक अप’चे अर्थ मोजत बसण्याऐवजी आपला ‘जुळवणे’ आठवावा. गोष्ट जुळवणे, कमी पडलेले पैसे जुळवणे, भांडणानंतर पुन्हा जुळणे, या सगळ्यांना ‘मेक अप’ चालतो. चेहऱ्याचा मेकअपही रंगरूप जुळवणेच आहे. पण सगळी कोडी या एका किल्लीने उघडतात असे नाही. ‘स्लो अप’ आणि ‘स्लो डाऊन’ दोन्ही म्हणजे वेग कमी करणे. इथे तर्क थांबतो आणि पाठांतर सुरू होते.

मराठीने हा ‘अप’ घेतला तो बहुधा नामात बांधूनच. लॉकअप जुना, चेकअप, पॅकअप, बॅकअप मागाहूनचे. कांद्याची पोती नेणारी ‘पिकअप’ तर ‘गाडी’च्या संगतीने स्त्रीलिंगीही झाली. २००९ साली निघालेल्या व्हॉट्सॲपचे नावही ‘काय चाललंय’ या अर्थाच्या ‘व्हॉट्स अप’वरची कोटी आहे.

उलट, आपण इंग्रजीला दिलेला ‘अप’ही आहे. ‘कोप अप विथ’ हा प्रयोग आपल्याकडे सुशिक्षितांच्या लेखनातही सर्रास आढळतो. ‘कीप अप विथ’, ‘कॅच अप विथ’, ‘पुट अप विथ’ ही तिन्ही बरोबर. त्यांच्या पंगतीला ‘कोप’ही जाऊन बसला. प्रमाण इंग्रजीत त्याला नुसता ‘विथ’ लागतो, आणि परीक्षेत तसेच लिहावे. ‘फॉर्म फिल अप करणे’ याला मात्र चूक म्हणून हसू नये. आज ब्रिटिश माणूस बहुधा ‘फिल इन’ म्हणतो, अमेरिकन ‘फिल आउट’. पण ‘फिल अप’ हा पूर्वी इंग्लंडमध्येही चालणारा प्रयोग आहे. तिकडे तो मागे पडला, आपल्याकडे राहिला.